दाल तडका, नंबर ३७

जर्मनीतल्या एका इंडियन हॉटेलच्या बिलात सगळ्यात वर पाणी होतं. पाऊण लिटरची काचेची बाटली, सहा युरो नव्वद सेंट. युरोला शंभर रुपये धरले की हिशोब सोपा पडतो. सहाशे नव्वद रुपयांचं पाणी.

मी लातूरची. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावं लागलं, ते हे लातूर. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर आलं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या मेसमध्ये ताटं धुवायला पाणी नको म्हणून पत्रावळ्या आणल्या, फरशी पुसायची बंद केली, पण जेवायला बसलेल्याच्या पुढ्यातला तांब्या कधी रिकामा ठेवला नाही. पाण्याचे पैसे लावावेत हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. तेव्हा त्या ओळीवर माझा डोळा अडकणारच. पण ते असो. तिकडं हॉटेलात पाणी विकतच घ्यायचं असतं, गोऱ्या माणसानंही आणि आपणही. रीत आहे, रीतीवर रुसून काय होणार? माझं भांडण आहे ते दोन ओळी खाली. दाल तडका, नंबर ३७, तेरा युरो नव्वद.

आधी माझा अधिकार सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई परदेशात जाऊन नाकं मुरडते. औसा रोडच्या मागच्या गल्लीत माझी मेस आहे. अकरावी-बारावीला, नीट परीक्षेच्या क्लासला बाहेरगावाहून लातूरला येणारी पोरं माझ्याकडं जेवतात. परभणीची, हिंगोलीची, देगलूरची, गंगाखेडची. दोन वेळचं जेवण, महिन्याला बत्तीसशे रुपये, रविवारी संध्याकाळी सुट्टी. साठ-पासष्ट ताटं होतात आणि एका वेळेला चार किलो तूर शिजते. आमचे मालक मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम होते. सगळी उमर तुरीच्या पोत्यात हात घालण्यात गेली. मूठभर डाळ तळहातावर घेतली की फटका प्रतीची आहे का सव्वा नंबरची, हे ते चष्मा न लावता सांगतात. आमच्या निलंग्याकडच्या बोरसुरीची असेल तर वासावरून सांगतात. त्या डाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरचं कात्रण काढून त्यांनी ते देवघराच्या बाजूला चिकटवलं. माझ्या बारावीच्या निकालालाही एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

तर डाळ हा आमच्या घरातला विषय आहे. हौसेचा नाही, पोटापाण्याचा.

मुलगा जर्मनीत असतो. श्टुटगार्टच्या जवळ एका लहान गावात, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत. पोरांच्या परीक्षा संपून मेस रिकामी झाली की ये म्हणून मागंच लागला होता. गेलो दोघं. जाताना बॅगेत येसर म्हणजे आमटी मिळून यायला लावतात ते भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, धपाट्याचं पीठ, पानचिंचोलीची चिंच आणि मालकांच्या हट्टापायी पाच किलो तूरडाळ. विमानतळावर वजन जास्त भरलं तेव्हा माझ्या साड्या बाहेर निघाल्या, डाळ नाही निघाली. म्हणजे तिथं आम्ही उपाशी नव्हतो, किंवा घरच्या जेवणाला आसुसलोही नव्हतो. रोज घरी भाकरी होत होती. ज्वारीचं पीठ तिथल्या इंडियन दुकानात मिळतं, जरा जुनं असतं, भाकरीला चिरा पडतात, पण होते.

हॉटेलात जायचं ठरलं ते आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला. मुलगा म्हणाला, "आई, एक दिवस तरी गॅसपुढं उभी राहू नको." सून म्हणाली, "घरीच काहीतरी करू ना." तिच्या त्या 'ना'मध्ये सगळं आलं होतं, पण मुलगा ऐकायला तयार नव्हता. त्यानं टेबल आधी सांगून ठेवलं होतं.

हॉटेलचं नाव सांगत नाही. तसल्या नावांची हॉटेलं तिकडं गावोगाव आहेत. दारात पितळी गणपती, आत भिंतभर ताजमहाल, वरून संथ सतार. मेन्यूचं पुस्तक रेक्झिनचं, जाड. प्रत्येक पदार्थाला नंबर आणि नंबरच्या शेजारी बारीक अक्षरांत खुणा: यात दूध आहे, यात शेंगदाणे, यात गहू. कुणाला काय सोसत नाही ते आधीच कळावं म्हणून. युरोपात २०१४ पासून हे सांगणं कायद्यानंच बंधनकारक आहे म्हणे. ही पद्धत मला मनापासून आवडली. माझ्याकडं एक पोरगं होतं, शेंगदाण्यानं अंगावर गांधी उठायच्या. मी भिंतीवर त्याच्या नावाची पाटी लावली होती, कामाला येणाऱ्या बायांना दिसावी म्हणून.

पुस्तक वाचायला घेतलं तर पहिलं प्रकरण कोंबडीचं. कोर्मा, मद्रास, विंदालू, टिक्का मसाला, मँगो करी. दुसरं मेंढीचं. कोर्मा, मद्रास, विंदालू, टिक्का मसाला, मँगो करी. मग मासे, मग बदक. बदक मी पहिल्यांदाच बघितलं मेन्यूत. शेवटी भाज्या, आणि भाज्यांतही कोर्मा, मद्रास, विंदालू. आम्ही माळकरी, आमचा संबंध शेवटच्या दोन पानांशी, पण सवयीनं सगळं वाचलं. विंदालू मूळचा गोव्याकडचा, पोर्तुगीजांच्या व्हिनेगर-लसणात मुरवलेल्या मांसावरून आलेला. नावात 'आलू' ऐकू आलं तरी बटाट्याशी त्याचा काही संबंध नाही. तिथं विंदालू म्हणजे मद्रासपेक्षा तिखट आणि मद्रास म्हणजे कोर्म्यापेक्षा तिखट, एवढंच. गावांची आणि पदार्थांची नावं नुसती तिखट मोजायला ठेवली होती.

ऑर्डर घ्यायला पंजाबी पोरगा आला. शिकायला आलेला असावा, विशीतला, डोळ्यांखाली काळं. अदबीनं बोलत होता. "तीखा कितना, आंटीजी? जर्मन तीखा या इंडियन तीखा?" मुलगा छाती काढून म्हणाला, "इंडियन." दाल तडका, पालक पनीर, व्हेज कोर्मा, वांग्याचं भरीत, चार नान आणि सुनेला लस्सी. भात प्रत्येक भाजीबरोबर आपोआप येतो म्हणाला. आधी पापड आला तीन चटण्यांसोबत. एक हिरवी, एक चिंचेची म्हणून गोड, एक आंब्याची म्हणून आणखी गोड. पापड फुकट होता, मालकांनी अर्धा खाल्ला आणि "उडदाचा हाय, ठीक हाय" असं प्रमाणपत्र दिलं.

मग तांब्याच्या चार वाट्या आल्या. प्रत्येकीखाली पितळी स्टँड आणि स्टँडमध्ये पेटलेली मेणपणती, भाजी गरम राहावी म्हणून. दिसायला छानच. मी प्रत्येकातली चमचाभर भाजी ताटात वेगवेगळी वाढून घेतली आणि चाखली.

एकच भाजी होती ती.

उकडलेला कांदा, डब्यातला टोमॅटो, आलं-लसणाची पेस्ट, वरून क्रीम. पालकात ती हिरवी झालेली, कोर्म्यात काजूची पूड पडून फिकी, भरतात वांग्याच्या चार फोडी पोटात घेऊन बसलेली. भरीत म्हणावं तर वांगं भाजलेलंच नव्हतं. साल काढून उकडलं होतं. विस्तवाचा वास नसलेलं भरीत खायला घालायचं म्हणजे धाडसच.

आता ग्रेव्ही करून ठेवणं हा गुन्हा नाही. लग्नाच्या कामाला मी आचाऱ्यांबरोबर उभी राहिलेली आहे. तिथंसुद्धा पहाटे मोठमोठ्या पातेल्यांत लाल, पिवळी आणि पांढरी अशा ग्रेव्ह्या तयार होतात आणि दिवसभर त्यातून भाज्या निघतात. पांढरीत काजूच्या जोडीला खरबुजाच्या बियांचा मगज पडतो, खर्च वाचवायला, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. हजार माणसं जेवायची तर दुसरा इलाज नाही. पण तिथं तीन तरी पातेली असतात आणि डाळीचं पातेलं तर चौथं, लांब ठेवलेलं. ग्रेव्हीचा झारा डाळीत बुडवला तर आचारी हातावर मारतो.

इथं झारा बुडवलेला होता.

ती वाटी मी नीट बघितली. रंग पिवळा, पण हळदीचा पिवळा नाही. केशरी डाळ शिजून फिकी पडल्यावर येतो तसला. कडेनं पाणी सुटून एक पारदर्शक वर्तुळ झालेलं आणि मधे घट्ट गोळा. वर जिरं तरंगत होतं, एकूण एक दाणा पांढरट, म्हणजे तेल तापायच्या आधीच टाकलेलं, न तडतडलेलं. लसणाचा एक तुकडा कोपऱ्यात कच्चा. कोथिंबीर बर्फातली, काळपट. आणि 'इंडियन तीखा' म्हणजे लाल तिखटाची पूड, शेवटी वरून भुरभुरून चमच्यानं फिरवलेली. तिखट शिजलं नाही की जिभेला लागत नाही, घशाला लागतं. मुलाला ठसका लागला. सहाशे नव्वदचं पाणी तिथं कामी आलं.

मालकांची सवय अशी की भाकरी चुरायची, त्यात वरण ओतायचं आणि हातानं कालवून खायचं. भाकरी नाही म्हटल्यावर त्यांनी नान चुरायला घेतला. तो चुरला जाईना, लांबत राहिला. नान तसा चांगला होता, हे सांगायला पाहिजे. तंदूर खरा असावा, पोटाला फोड आलेले, कडेला करपट वास. त्या टेबलावर मन लावून केलेला पदार्थ तेवढा एकच. शेवटी नानचा तुकडा डाळीत बुडवून त्यांनी तोंडात घातला, चावला, थांबले.

"ही तूर न्हाई," म्हणाले.

मुलगा म्हणाला, "अप्पा, इथं असंच असतंय. जेवा आता."

"असंच असू दे. पण ही मसूर हाय. मलका. तुरीचा एक दाणा न्हाई यात."

"मेन्यूत तूर कुठं लिहिलंय? दाल लिहिलंय."

मालक गप्प बसले, पण मला ते पटलं नाही. दाल तडका म्हटल्यावर लातूरच्या माणसानं काय समजायचं? आणि मसुरीशी माझं काही वाकडं नाही. अख्खा मसूर काळ्या मसाल्यात केला तर माझ्याकडची पोरं तिसऱ्यांदा भात मागतात. मसूरच असेल तर मसूर म्हणा की! पोरगा विचारायला आला, "कैसा है खाना, आंटीजी?" मी विचारलं, "बेटा, ये दाल कौनसी है?"

"दाल तडका, आंटीजी."

"वो मालूम है. दाल कौनसी?"

त्याला कधी कुणी हे विचारलं नसावं. तो आत गेला आणि आचाऱ्यालाच घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, ॲप्रन, हात पुसत पुसत आला, हात जोडले. जालंधरकडचा. आधी इटलीत होता, मग इथं. मुलाला वाटलं आता काहीतरी वाद होणार, तो खाली मान घालून फोन बघायला लागला. वाद कसला, आम्ही दोघं एकाच धंद्यातले. दोन मिनिटांत मोकळं बोलायला लागलो.

"मसूर है, बहनजी. बीस मिनट में गल जाती है. तूर को कुकर लगाओ, फिर देखते रहो. किचन में हम दो ही आदमी हैं."

"और अंदर ग्रेवी?"

तो हसला. "वो तो सब में है. यहाँ के लोगों को गाढ़ा चाहिए, क्रीमवाला. पतली दाल दो तो बोलते हैं सूप भेज दिया."

मी विचारलं, दुपारी तुम्ही काय जेवलात? म्हणाला, धुली मूंग आणि रोटी. म्हटलं, त्यात ग्रेव्ही घातली होती का? त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी काहीतरी अभद्र बोलले.

"दाल में कोई ग्रेवी डालता है क्या, बहनजी!"

मला त्याचा राग आला आणि आलाही नाही. सुनेनं बिलाकडं बोट दाखवलं म्हणून आम्ही हिशोबाला लागलो. एकूण शहाऐंशी युरो. नुसती डाळ तेराशे नव्वद रुपयांची, म्हणजे माझ्या मेसमध्ये एका पोराचं तेरा दिवसांचं दोन्ही वेळचं जेवण. पण असा हिशोब लावणं बरोबर नाही, हेही मला कळतं. २०२५ साली तिथं कामगाराला तासाला किमान १२.८२ युरो द्यावे लागत होते. हॉटेलात बसून जेवलं की तेव्हा १९ टक्के कर होता. जागेचं भाडं, वीज, विमा वेगळा. त्या माणसानं डाळीचे तेरा युरो लावले म्हणून त्याला लुटारू म्हणणार नाही. माझ्याकडं दोन बाया कामाला आहेत, त्यांना तासावर त्या दरानं पगार द्यायचा तर मला महिन्याभरात मेसला कुलूप घालावं लागेल.

पण हाच हिशोब उलटा करून बघा. त्या वाटीत कोरडी डाळ किती? मूठभर. मूठभर तूर आणि मूठभर मसूर यांच्या किमतीतला फरक तेरा युरोत कुठं दिसणारसुद्धा नाही. महाग होतं ते भाडं आणि माणूस. डाळ सगळ्यात स्वस्त होती आणि काटकसर नेमकी तिथंच केली. वेळेचं म्हणाल तर चार किलो तुरीला कुकरच्या पाच शिट्ट्या, तेवढ्या वेळात मी तांदूळ निवडते. एकदा सकाळी शिजवून ठेवली तर दिवसभर फक्त फोडणी द्यायची. ग्रेव्ही नाही का तशीच शिजवून ठेवतात? वेळ नाही हे कारण मला पटलं नाही. कुणी विचारत नाही, हे कारण पटलं.

२०१५ च्या दिवाळीच्या सुमाराला तूरडाळ दोनशे रुपये किलोला गेली होती, आठवत असेल. लातुरात, जिथं डाळमिलाच डाळमिला, तिथं आम्हाला तूर परवडेना. पोरांकडून महिन्याचे पैसे आधीच घेतलेले, वाढवून मागता येत नव्हते. तेव्हा मी आठवड्यातले तीन दिवस मुगाचं वरण केलं. पण दाराजवळच्या फळ्यावर खडूनं लिहायची: आज मूग. एक पोरगं म्हणायचं, मावशी, लिहिता कशाला, कळत नाही कुणाला. कळत नाही म्हणून तर लिहायचं असतं.

मुलगा घरी आल्यावर फोनवर एक तारा द्यायला निघाला होता. मी म्हटलं, एक नको, मी सांगते तेवढंच लिही. नान चांगला. भरताचं वांगं भाजून घ्या. ३७ नंबरपुढं मसूर असं छापा. त्यानं जर्मनमध्ये लिहिलं. दोन दिवसांनी हॉटेलचं उत्तर आलं: आपल्या सुंदर अभिप्रायाबद्दल आभार, पुन्हा अवश्य या.

आणखी एक सांगते, ते याच्याशी लागूनच आहे. मुलाच्या खालच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. भाषा येत नाही, हातवारे करून 'खा' म्हटलं. चार-पाच दिवसांनी त्यांनी आम्हा दोघांना स्वयंपाकघरात बोलावलं, सून दुभाषी म्हणून. त्या भागातला त्यांचा घरोघरचा पदार्थ करणार होत्या. नाव लिन्सन मिट श्पेट्सले. मसूर आणि शेवयांसारखं काहीतरी, असं सून आधी म्हणाली होती.

त्यात एरवी डुकराच्या चरबीचे तुकडे आणि सॉसेज असतं. आमच्यासाठी ते वगळलं होतं आणि त्यांनी ते मला तीनदा सांगितलं, रिकामी कढई दाखवून. मसूर सालासकट, बारीक, हिरवट-तपकिरी. सोबत गाजर, कांद्याची पात असते तसली एक जाड पात आणि तमालपत्र. दुसऱ्या पातेल्यात लोण्यावर मैदा भाजला, अगदी बदामी होईपर्यंत. मी मनात म्हटलं, ही बाई येसर लावणार. तो मैदा डाळीत गेला आणि डाळ मिळून आली. मग अंडं घातलेलं सैलसर पीठ लाकडी पाटीवर पसरलं आणि सुरीनं त्याच्या बारीक बारीक पट्ट्या सटासट उकळत्या पाण्यात सोडल्या. ऐंशीच्या बाईचा तो हात मी बघत राहिले. पट्ट्या वर आल्या की झाऱ्यानं काढायच्या. आमच्या दोघांसाठी अंडं न घातलेल्या पिठाच्या वेगळ्या केल्या, जरा तुटल्या. ताटात आधी त्या, वर मसूर, आणि टेबलावर व्हिनेगरची बाटली, ज्यानं त्यानं आंबट करून घ्यायचं.

मालकांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "चकोल्या हायेत की ह्या!"

होत्याच. वरणफळं. कणकेच्या जागी मैदा, चिंचेच्या जागी व्हिनेगर. फोडणी नव्हती, तिखट नव्हतं, हिंग कुठून असणार. पण मसूर मसूरच लागत होती. दाण्याला दाणा होता, मातीचा थोडा वास होता. मालकांनी दोनदा घेतलं. मग त्यांनी कोरडा मसूर बघायला मागितला. बाईंनी कागदी पुडा काढून दिला. त्यांनी चार दाणे तळहातावर फिरवले, एक दाताखाली कडकन फोडला, यार्डात ओलावा बघतात तसा, आणि मान हलवली. "वाळलाय." बाईंना हा काय प्रकार ते कळेना. सुनेनं सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या.

त्या पुड्यावरच्या मजकुरावरून आणि बाईंच्या बोलण्यावरून जे कळलं ते असं. जवळच डोंगराळ पठार आहे, श्वाबिश आल्ब म्हणतात. चुनखडीची, दगडाळ, हलकी जमीन. तिथं पूर्वी मसूर व्हायचा. वेल आडवा पडतो म्हणून आधाराला त्यातच ओट किंवा जव पेरायचे. आपण सोयाबीनमध्ये तुरीचे तास टाकतो, तसं दोन पिकं एका वावरात. युद्धानंतर ते मागं पडलं, कष्ट फार आणि माल कमी, आणि हळूहळू बियाणंच संपलं. मग काही शेतकऱ्यांनी पुन्हा मसूर लावायला घेतला, पण दुसऱ्या देशाचं बी आणून. जुन्या स्थानिक वाणाचा शोध चालूच होता. शेवटी २००६ साली ते बी सापडलं रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे-भांडारात. तिथून मूठमूठ आणून वाढवत नेलं. आता पुड्यावर त्या वाणाचं नाव छापलेलं असतं.

मालकांनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, किलोचा भाव काय? भाव ऐकून म्हणाले, "बोरसुरीवाल्यांना सांगायला पाहिजे."

आता कुणी म्हणेल, जर्मन बाईचं कौतुक आणि आपल्या माणसाला नावं. तसं नाही. लातूरच्या हॉटेलांत तरी काय आहे? बार्शी रोडला नाहीतर अंबाजोगाई रोडला फॅमिली रेस्टॉरंटात बसा. पनीर हंडी, काजू करी, व्हेज कोल्हापुरी. उडदाचं घुटं मेन्यूत दाखवा, अंबाडीची भाजी दाखवा, निलंगा राईस तरी सगळीकडं मिळतो का? पोरांचे वाढदिवस असले की तीही तिकडंच पळतात, आणि मी जाते त्यांच्याबरोबर, पनीर खाऊन येते. मला ते आवडतंही. फक्त तिथली डाळ तूर-चण्याची मिसळ असली तर वेटरला विचारल्यावर तो सरळ सांगतो, "मिक्स हाय मावशी."

परत आल्यावर जुलैत पोरं जमली, मेस सुरू झाली. एका बुधवारी मी अख्खा मसूर शिजवला, कणकेच्या चकोल्या सोडल्या, पीठ लोण्यावर नाही तर करडईच्या तेलावर बदामी भाजून लावलं आणि व्हिनेगरची बाटली टेबलावर ठेवली. फळ्यावर लिहिलं: आज मसूर, चकोल्या, व्हिनेगर आपापलं घ्या. तिखट म्हणून शेजारी ठेचा. तीन-चार पोरांनी व्हिनेगरचा वास घेऊन बाटली तशीच पुढं सरकवली. बाकीच्यांनी ठेचा कालवून चाटूनपुसून खाल्लं. देगलूरचं एक पोरगं ताट ठेवायला आलं, फळ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "मावशी, तूर परत महागली का ओ?"